मिठाला भिणाऱ्या माणसाची कॅडिलॅक

मी कॅडिलॅक बोलतोय, आणि मला बोलायची काही हौस नाही. पण परवा दोन माणसं आली, माझ्या अंगावर हात फिरवून "काय सुंदर, काय सुंदर" करत राहिली, आणि माझं डोकं फिरलं. सुंदर म्हणे. पस्तीस वर्षं मी या कोठारामागं गवतात पडलोय. आत उंदरांचे संसार आहेत. लोक मला 'ती' म्हणतात, म्हणू देत. आतून मी खत्रूड म्हातारा आहे. शिकलेला तर नाहीच. समोरच्या खणात मालकासाठी छापलेली एक पुस्तिका होती, तीही उंदरांनी खाल्ली.

माझा जन्म डेट्रॉइटचा, क्लार्क स्ट्रीटच्या कारखान्यातला. अठ्ठावन्न सालच्या थंडीच्या तोंडाशी जन्मलो, पण कागदावर लावलं एकोणसाठ. म्हणजे जन्मतारखेपासूनच थाप. नावाचंही तेच. ज्या फ्रेंच माणसानं हे शहर वसवलं त्याचं नाव आमच्या घराण्याला दिलं. त्याचं खरं आडनाव वेगळंच होतं म्हणतात. समुद्र ओलांडून आल्यावर त्यानं खानदानी नाव लावून घेतलं आणि कुळाचं चिन्हही स्वतःच जुळवलं. ते चिन्ह माझ्या नाकावर ठोकलेलं आहे. ते बघून लोक माना वाकवायचे.

तसे माझे पूर्वज कामाचे होते, ते नाकारत नाही. १९०८ साली इंग्लंडात आमच्या तीन गाड्या खिळा न् खिळा सुटा करून ढीग केला, ढीग ढवळला, आणि त्यातून परत तीन गाड्या उभ्या केल्या. तिन्ही पळाल्या. कानशीनं घासून बसवावं लागलं नाही, इतकं माप चोख. पुढं दांडा फिरवून गाडी सुरू करायचं झंझटही पहिल्यांदा आमच्याच घराण्यात सुटलं. सांगतात की एका बाईची गाडी रस्त्यात बंद पडली, मदतीला गेलेल्या माणसाच्या जबड्यावर दांडा उलटा बसला आणि तो बिचारा गेला. ते आमच्या कारखान्याच्या म्हाताऱ्यानं मनाला लावून घेतलं आणि विजेवर सुरू होणारी गाडी काढली. बाईला मदत करताना माणूस मेला, म्हणून यंत्र सुधारलं. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं मी जे सांगणार आहे त्यात माणूस यंत्र जपत बसला.

माझ्या वेळेपर्यंत चोख माप गेलं आणि पंख आले. मागच्या बाजूला दोन उंच पत्र्याचे पंख, विमानाच्या शेपटीसारखे, त्यात दोन-दोन लाल दिवे. उपयोग काय? धुणाऱ्याच्या बरगडीत खुपसायचे, एवढाच. मला माझ्या ढुंगणाची लाज वाटायची. आणि लोक तेवढ्यासाठीच मला बघायला थांबायचे.

पहिला मालक ग्रोस पॉइंटचा, तळ्याकाठच्या बंगल्यातला एक वकील, थॉर्नटन एम्स. तो मला चालवायचा कमी आणि शेजाऱ्याच्या दारासमोर उभा करायचा जास्त. दीड वर्ष झालं नाही तोच नवीन सालची गाडी आली, तिचे पंख माझ्यापेक्षा बुटके. लगेच उंच पंख जुने ठरले, आणि मी दुकानात परत. चप्पलसुद्धा माणूस झिजेपर्यंत वापरतो.

दुकानातून मला घेतलं ते झिगमुंट व्रोबेलनं. हा पोलिश माणूस, डेट्रॉइटला चिकटलेल्या हॅमट्रॅमिक गावात राहणारा, क्लार्क स्ट्रीटवर गाड्यांना दारं बसवायचं काम करणारा. मला घरी आणलं त्या दिवशी त्यानं बायकोला माझं मागचं उजवं दार उघडझाप करून दाखवलं.

"हे मी बसवलंय, ब्रोन्या. आवाज ऐक."

"दिवसाला शेकड्यानं बसवतोस. हेच कशावरून?"

"मला कळतं."

"स्वतःच्या बहिणीची पोरं तुला ओळखू येत नाहीत, आणि दार ओळखतोस."

पण हसत म्हणाली. तेव्हा ती हसायची. खांद्यानं रुंद, हातानं जलद, आणि गाडीत बसली की गुडघे जवळ घेऊन दोन्ही हात पर्सवर ठेवायची, चर्चमध्ये बसल्यासारखी. झिगमुंटनं सगळ्या बैठकांवर जाड पारदर्शक प्लास्टिक चढवलेलं होतं. उन्हाळ्यात तिच्या पोटऱ्या त्याला चिकटायच्या आणि उठताना चर्रकन आवाज व्हायचा. म्हणजे स्वतःच्या गाडीत बसूनही त्या बाईला माझा कपडा कधी लागला नाही.

आता मिठाचं सांगतो. आमच्याकडं नोव्हेंबरापासून एप्रिलपर्यंत रस्त्यावर बर्फ. ते वितळावं म्हणून पालिकेच्या गाड्या मीठ फेकत जातात. आणि गंमत बघा, मीठ कुठून येतं तर डेट्रॉइटच्याच पोटातून. शहराखाली हजार-अकराशे फूट खोल मिठाची खाण आहे. वर गाड्या बनवायच्या, खालून मीठ उपसायचं, आणि त्या मिठानं वरच्या गाड्या सडवायच्या. चिखल होऊन ते मीठ तळाच्या पत्र्याला बसतं आणि आतून खात जातं. म्हणून आमच्याकडची माणसं दोन गाड्या ठेवतात. चांगली गाडी हिवाळाभर झाकून, आणि एक खटारा मीठ खायला.

झिगमुंट त्यात सगळ्यांच्या वरचढ. पहिला बर्फ पडायच्या आत मला गॅरेजमध्ये घालायचा, चार लाकडी ठोकळ्यांवर चढवायचा, चाकं काढून भिंतीला टेकवायचा, बॅटरी तळघरात न्यायचा आणि वरून ब्रोन्याच्या आहेरातली पलंगाची चादर घालायचा. पाच महिने मी अंधारात. चालायला जन्मलेल्याला असं ठेवतात याची मला शिसारी यायची, पण विचारतो कोण.

त्रेसष्टचा फेब्रुवारी. हाडं गोठवणारी थंडी. खटाऱ्याचा गिअरबॉक्स गेलेला, दुरुस्तीला टाकलेला. झिगमुंटला कामावर न्यायला रोज पहाटे रॉस्को टिब्स यायचा. हा त्याच्याच ओळीतला, कारखान्यातला जोडीदार, काळा माणूस, धिप्पाड. त्याचीही कॅडिलॅकच, माझ्याहून दहा वर्षं जुनी, आणि तो ती बाराही महिने चालवायचा. मिठानं तिच्या दारांच्या कडा करवतीसारख्या झालेल्या.

झिगमुंट त्याला म्हणायचा, "पाप लागेल तुला. अशी गाडी मिठात घालतोस."

"माझ्या मामानं कॅडिलॅक घेतली तेव्हा दुकानात त्याला गाडी देईनात," रॉस्को म्हणायचा. "पैसे मामाचे, आणि पुढं करायला एक गोरा माणूस भाड्यानं आणला. इतकं करून घेतली ती झाकून ठेवायला होय? तो मरेपर्यंत तिच्यातून फिरला. तुझं काय चाललंय झिगी, गाडी पाळलीयस की संत पुरलायस?"

एका बुधवारी संध्याकाळी पॅरिसव्हिलहून फोन आला. नावाला पॅरिस, बाकी बिटाची शेतं. ब्रोन्याची धाकटी बहीण स्टेफ्का तिथं एका शेतकऱ्याला दिलेली. तिच्या पोटात गाठ होती हे माहीत होतं. नवऱ्यानं सांगितलं, डॉक्टर दोन-तीन दिवस म्हणतोय, आणि ती सारखी ब्रोन्याला विचारतेय. स्वयंपाकघराची खिडकी माझ्या गॅरेजला लागून, म्हणून मला सगळं ऐकू आलं. हॅमट्रॅमिकहून शंभर मैल. बस जाते ती दिवसाआड, आता शुक्रवारी पहाटेची, तीही अलीकडच्या गावापर्यंत, पुढं बारा मैल कुणाची गाडी मिळाली तर मिळाली.

झिगमुंट उठला, हे त्याच्या बाजूनं सांगतो. बॅटरी आणली, चाकं चढवली, ठोकळे काढले. थंडीनं त्याची बोटं सोलून निघाली. ब्रोन्या कोट घालून येऊन बसली, मांडीवर खसखस भरलेल्या गोड पावाचं पुडकं, बहिणीला आवडतो म्हणून. मी एका झटक्यात सुरू झालो. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. बाईला कुठंतरी पोचवायचं होतं, आणि मी त्याचसाठी होतो.

गल्लीतून जोसेफ कॅम्पाऊ रस्त्याच्या तोंडाशी आलो आणि समोरून मिठाची गाडी गेली. मागची चकती फिरतेय, खडे उडताहेत. दोन-चार माझ्या बंपरवर टणटण वाजले.

झिगमुंटनं ब्रेक दाबला.

"चल," ब्रोन्या म्हणाली.

"आत्ताच टाकलंय. अगदी ताजं."

"झिगमुंट, चल."

"शुक्रवारी पाऊस आहे, रेडिओवर सांगितलंय. रस्ते धुऊन निघतील. शनिवारी पहाटे निघू, दुपारच्या आत तिथं."

"शनिवारपर्यंत ती थांबेल असं तिनं कळवलंय का तुला?"

त्यानं मागचा गिअर टाकला. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. गिअर अडकवता आला असता तर अडकवला असता. पण आमचं माप चोख, सगळं लोण्यासारखं चालतं, मी मुकाट मागं गेलो. गॅरेजमध्ये शिरल्यावर त्यानं काय केलं माहीतय? फडकं घेतलं आणि बंपर पुसला. ती अजून आत बसलेली. मग ती उतरली, पुडकं छातीशी धरून, आणि दार लावलं नाही. उघडंच ठेवून गेली.

शुक्रवारी पाऊस आला नाही. त्या पहाटे ती एकटी बसनं गेली. गावात उतरून तीन तास थांबली, मग दुधाच्या गाडीवाल्यानं सोडलं. पोचली तेव्हा दुपार उलटलेली. स्टेफ्का सकाळीच गेलेली.

मातीला झिगमुंट गेला तो रॉस्कोच्या गाडीतून. परत आल्यावर दोघं गॅरेजच्या दारात उभे होते. रॉस्को इतका शांत मी कधी ऐकला नव्हता.

"बुधवारी फोन आला?"

"हो."

"गुरुवारी पहाटे साडेपाचला मी तुझ्या दारात होतो. शुक्रवारीही होतो. तुला तोंड नव्हतं?"

"तुला सुट्टी टाकावी लागली असती."

"टाकली असती." मग माझ्याकडं बघून तो जमिनीवर थुंकला. माझ्या घराण्याला जगाचा मानदंड म्हणायचे. त्या थुंकीएवढं खरं माप माझं कुणी घेतलं नसेल.

त्यानंतर ब्रोन्या माझ्यात बसली नाही. भांडली नाही, घर सोडलं नाही. जेवण वाढायची, कपडे धुवायची. फक्त माझ्यात बसायची नाही. उन्हाळ्यात रविवारी झिगमुंट मला काढून चर्चला निघायचा, आणि ती फुटपाथवरून पायी. हा तिच्या शेजारून माणसाच्या चालीनं मला हाकायचा, खिडकी खाली करून. ती समोर बघत चालायची. सगळं हॅमट्रॅमिक पायऱ्यांवर बसून बघायचं.

शेजारचा काझिक ओरडायचा, "अरे झिगमुंट, सामान गाडीत आणि बायको रस्त्यावर, चुकून उलटं झालं काय?"

झिगमुंट खिडकी वर करायचा. घरी येऊन मला तीन-तीन वेळा घासायचा. माझ्या अंगावर माशी बसू द्यायचा नाही. पंचवीस वर्षं. मी इतका चकचकीत होतो की मला माझीच किळस यायची. लोक फोटो काढायचे. कारखान्यातून सुटलेली गाडी अशीच्या अशी ठेवलीय म्हणून एका मेळाव्यात मला पहिल्या नंबराची निळी फीत मिळाली. ती त्यानं आरशाला बांधली. ब्रोन्यानं ती पाहिली आणि कपडे वाळत घालायला गेली.

मधल्या काळात घराण्याची अब्रूही उतरत गेली. लोक म्हणू लागले, नाव उरलंय, गाडी गेली. सत्त्याऐंशीच्या शेवटी क्लार्क स्ट्रीटचा कारखाना बंद झाला. झिगमुंट तोवर घरी बसलेला. फाटकाला कुलूप घातलं तेव्हा रडणारी माणसं त्यानं टीव्हीवर पाहिली आणि टीव्ही बंद केला.

पुढच्याच जानेवारीत रॉस्कोच्या मुलाचा फोन आला. बाबा आज-उद्याचे आहेत, यायचं तर या. खटारा, म्हणजे तोवर तिसरा खटारा, थंडीनं सुरू होईना. झिगमुंट गॅरेजमध्ये आला. चादर ओढली. बॅटरी जोडली, चाकं चढवली, ठोकळे काढले. आम्ही कॅम्पाऊवर आलो, रस्ता मिठानं पांढरा, आणि या वेळी तो थांबला नाही. माझ्या पोटाखाली ते खडे वाजायला लागले. झिगमुंटच्या हाती आल्यापासून पहिल्यांदाच.

रॉस्कोच्या घरी आत काय बोलणं झालं ते परतीच्या वाटेवर तो एकटाच पुटपुटत होता त्यावरून कळलं. रॉस्कोनं विचारलं, कशानं आलास? कॅडिलॅकनं. मीठ होतं? होतं. मग रॉस्को म्हणाला, "पंचवीस वर्षं उशीर केलास, झिगी. पण माझ्यापाशी नाही."

घरी आलो तेव्हा ब्रोन्या दारातच उभी होती. तिनं माझी चाकं बघितली, पांढऱ्या चिखलानं भरलेली.

"निघते की गाडी," ती म्हणाली आणि आत गेली.

झिगमुंट माझ्या बंपरवर बसला. फडकं हातात होतं, पण त्यानं पुसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं मला रोज मिठात घातलं. पाव आणायला मी, टपालाला मी. धुणं बंद. रविवारी ब्रोन्या बर्फातून पायी, आणि हा शेजारून, खिडकी उघडी. तोंडानं काही म्हणायचा नाही. फक्त कोपऱ्यावर थांबून पलीकडचं दार आतून ढकलायचा. ती त्या उघड्या दाराला वळसा घालून पुढं जायची. काझिकनं आता चेष्टा सोडली. एकदा जवळ येऊन म्हणाला, "म्हाताऱ्या, सडतेय रे गाडी. वेडबिड लागलंय का?"

"सडू दे."

मी सडलो. सांगायला हरकत नाही, मला बरं वाटलं. आधी दारांच्या कडा गेल्या, मग चाकांवरचा पत्रा, मग त्या पंखांना फोड आले आणि एका सकाळी डावा पंख बोटानं दाबला तर बोट आत गेलं. तिसऱ्या हिवाळ्यात पुढच्या बैठकीसमोर, ती जिथं पाय ठेवायची तिथं, तळाचा पत्रा सुटला. कलिंगडाएवढं भोक पडलं. खाली रस्ता दिसायचा.

त्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्यानं नेहमीसारखं दार ढकललं. बिजागरी सैल झालेली, दार लोंबलं. ब्रोन्या वळसा घालायला निघाली आणि थांबली. वाकून आत बघितलं. भोक बघितलं, भोकातून खालचा मिठाचा चिखल बघितला. बराच वेळ बघितलं. मागची गाडी भोंगा वाजवत होती.

"पाय कुठं ठेवायचे?" ती म्हणाली.

झिगमुंट "बाजूला," एवढंच म्हणाला.

ती बसली. प्लास्टिक केव्हाच फाटून गेलेलं. पाय भोकाच्या दोन्ही कडांना ठेवले, पर्स मांडीवर.

"चर्च?" त्यानं विचारलं.

"पॅरिसव्हिल."

शंभर मैल मिठाच्या रस्त्यावरून गेलो. भोकातून चिखल उडून तिच्या मोज्यांवर येत होता, थंड वारा येत होता. तिनं पाय हलवले नाहीत. एकदा त्यानं विचारलं, "गार लागतंय?" ती म्हणाली, "लागतंय." मला वाटलं आता तो गाडी थांबवेल, काही कोंबेल त्या भोकात. नाही थांबवली. त्याला तेवढी अक्कल आली होती.

स्टेफ्काच्या थडग्यापाशी ती एकटी गेली. तो फाटकाशी टोपी काढून उभा राहिला. परत आल्यावर ती म्हणाली, "तूही जा. तुलाही सांगायचं असेल तिला काहीतरी." तो गेला. बर्फात गुडघे टेकलेला मला दिसला.

तिथून स्टेफ्काच्या मुलाच्या शेतावर जाताना, खाचखळग्यात, माझा सांगाडा मधोमध तुटला. मोठा आवाज झाला. झिगमुंट उतरला, वाकून बघितलं आणि इतकंच म्हणाला, "झालं." दुसऱ्या दिवशी दोघं बसनं घरी गेली. शेजारी-शेजारी बसून, असं त्यांना बसमध्ये बसवून आलेला भाचा लेऑन आपल्या बायकोला सांगत होता. मला ट्रॅक्टरनं ओढून इथं कोठारामागं आणलं. ती दोघं परत आली नाहीत. आता कुठं आहेत ते विचारू नका, वयाचा हिशेब तुम्हालाही येतो.

परवाची ती दोन माणसं जुन्या गाड्या नव्यासारख्या करून विकणारी. लेऑनशी सौदा चाललाय. म्हणाली, पंख मूळचे मिळाले नाहीत तर नवे करून लावू, रंग चढवू, तळ तर पूर्णच नवा टाकू. मग मला एखाद्या काचेच्या दालनात उभा करतील, दोरी लावतील, आणि हात लावू नका अशी पाटी. पुन्हा तोच देव्हारा.

नावाची, घराण्याची, मानदंडाची मला पर्वा नाही. नाकावरचं ते चिन्ह हवं तर आजच काढून न्या, नाहीतरी खोटंच आहे. पंख न्या, दिवे न्या, दारं न्या. पण तुमच्यापैकी कुणाचा त्या लोकांशी परिचय असेल तर एवढं सांगा त्यांना: तळाच्या पत्र्याला हात लावू नका. एकदाच मला एका बाईला जिथं जायचं होतं तिथं पोचवता आलं. त्या भोकावर डाग देऊन ते बुजवणार असाल, तर त्यापेक्षा मला भंगारात घाला.